बर्फाखाली शहर आहे का? आहे की, १९५९ चं!

प्रश्न : काका नमस्कार, आमचा सकाळी चालायचा ग्रुप आहे, सोमेश्वरपर्यंत जातो आणि रविवारी येताना मिसळ. गेल्या रविवारी त्या मिसळीवरच वाद पेटला. एक मित्र म्हणे अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली जुनी संस्कृती गाडली गेलीये, पिरॅमिड पण सापडलाय, १५१३ च्या एका नकाशात बर्फ नसलेला अंटार्क्टिका काढलाय आणि मोठे देश कुणाला तिकडं फिरकू देत नाहीत. व्हिडिओ पण दाखवला त्यानं. दुसरा म्हणे अरे आपल्या टिळकांनीच लिहून ठेवलंय की पूर्वज उत्तर ध्रुवाजवळ राहायचे. खरं काय समजायचं?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : रस्सा गार झाला असणार तुमचा. त्या मित्राला आधी एकच विचारा, तिथला बर्फ किती जुना? अंटार्क्टिकावर बर्फाची चादर पसरायला लागली साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी आणि आपण माणसं जेमतेम ३ लाख वर्षांची, म्हणजे बांधणारा जन्मायच्या कितीतरी आधी प्लॉट बर्फाखाली गेलेला. यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘नाही, मधे बारा हजार वर्षांपूर्वी तो वितळला होता.’ पण अंटार्क्टिकावरच्या डोम सी नावाच्या ठिकाणी ३ किलोमीटरहून खोल भोक पाडून बर्फाचा दांडा काढलाय, त्यात ८ लाख वर्षांचे थर एकाखाली एक सलग आहेत, त्या त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकलेली आहे. मधे वितळलं असतं तर हे थर राहिले असते का?

पिरॅमिड म्हणजे एल्सवर्थ पर्वतातलं एक शिखर, १२६५ मीटर उंच. भेगेत पाणी शिरतं, गोठून फुगतं, दगड फोडतं, हेच चारी बाजूंनी होत राहिलं की वर टोक उरतं. आपला हरिहर किल्ला लांबून बघा, कुणी ओळंबा लावून ठोकळा ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून काय तो घडवला म्हणायचं? (पायऱ्या घडवल्यात, ते वेगळं.)

नकाशाची गोष्ट मला जास्त आवडते. पिरी रीस हा तुर्की दर्यावर्दी, त्यानं १५१३ ला तो कातड्यावर काढला आणि १९२९ ला इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तो सापडला. तो अंटार्क्टिकाच आहे असं चार्ल्स हॅपगुड या अमेरिकन प्राध्यापकानं १९६६ मध्ये मांडलं आणि तिथून ते व्हिडिओपर्यंत पोचलं. आता आपल्या पांडवलेण्यांचं कसं आहे, नाव पांडवांचं, पण भिंतीवरचे ब्राह्मी लेख वाचले की सातवाहन निघतात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात निघतो. नकाशाचंही तसंच, त्यावर लिहिलेलं वाचायचं. त्या दक्षिणेकडच्या जमिनीजवळ पिरी रीसनं स्वतः लिहिलंय की इथं मोठाले साप आहेत म्हणे आणि हा मुलूख फार गरम आहे. साप आणि गरमी, अंटार्क्टिकात! दक्षिण अमेरिकेचा किनारा खाली कातडं संपलं तिथं वळवलाय असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, मलाही ते पटतं.

आणि जाऊ देत नाहीत हे तर काहीच्या काही. एका हंगामात लाखावर पर्यटक तिकडं जाऊन येतात, पैसे असले की झालं. १९५९ चा करार आहे तो लष्करी तळ आणि अणुस्फोट नकोत म्हणून, आपणही १९८३ पासून त्यात आहोत, मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं तिथं चालू आहेत.

पण मित्राला अगदीच पाडू नका, कारण बर्फाखालचं शहर खरंच आहे, फक्त दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंडमध्ये. २०२४ च्या एप्रिलमध्ये नासाचं विमान रडार घेऊन उडत होतं आणि खाली एकदम सरळ रेषा, खोल्यांसारखे आकार दिसले. ते होतं कॅम्प सेंच्युरी, अमेरिकन लष्करानं १९५९ ला बर्फात बोगदे खोदून बांधलेलं, वीज द्यायला छोटी अणुभट्टीसुद्धा होती. बर्फ दिसायला दगड, पण स्वतःच्याच वजनानं सरकत राहतो, बोगदे दाबले जायला लागले आणि १९६७ ला सोडून यावं लागलं. आज त्याच्यावर किमान ३० मीटर बर्फ आहे. आणि हसू नका, आपलंही झालंय हे. अंटार्क्टिकातलं आपलं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री (दक्षिण गंगा आपल्याकडं रामकुंडावर आणि गंगोत्री तिकडं!) १९८३-८४ मध्ये उभं राहिलं आणि १९९० पर्यंत बर्फात रुतल्यामुळं बंद करावं लागलं. सहा-सात वर्षांत!

आता टिळक. ध्रुवाचं पुस्तक त्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलं असं कुणीतरी नेहमी ठोकून देतं, पण तिथं लिहिलं ते गीतारहस्य. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ ला आलं. ऋग्वेदातली लांबच लांब उषा, सहा महिन्यांचा दिवस अन् रात्र हे उल्लेख घेऊन त्यांनी मांडलं की शेवटच्या हिमयुगाआधी पूर्वजांचं घर ध्रुवाजवळ होतं. अफाट वाचन आहे त्यामागं, पण आजचे अभ्यासक ते मानत नाहीत, आणि मलाही वाटतं की कवितेतली पहाट घड्याळ लावून मोजता येत नाही. शिवाय उत्तर ध्रुवावर जमीनच नाही, वर काही मीटर बर्फ आणि खाली चार किलोमीटर समुद्र. पण गंमत बघा, हिमयुगात आर्क्टिकमध्ये माणसं होतीच, सैबेरियात याना नदीकाठी सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडलीये, मॅमथच्या हस्तिदंताची हत्यारं करणारे शिकारी. नगरं नाही, पण त्या थंडीत पोरंबाळं जगवणं मला पिरॅमिडपेक्षा भारी वाटतं.

प्रश्न : मी नववीत आहे. मग अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली आहे तरी काय?
– एक विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : बेटा, पुष्कळ. सुमारे २५० किलोमीटर लांबीचं वोस्तोक सरोवर आहे, वर जवळजवळ ४ किलोमीटर बर्फ असून खाली पाणी न गोठलेलं. आल्प्सएवढी गाम्बुर्त्सेव्ह पर्वतरांग आहे, जिचा एक दगड उघडा दिसत नाही. आणि तिथं कधीकाळी जंगल होतं, पश्चिम अंटार्क्टिकाजवळ समुद्रतळातून ९ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची मुळं मातीसकट वर आलीयेत.

त्याहून जुनं झाड ग्लॉसोप्टेरिस. ब्रिटिश शोधक कॅप्टन स्कॉटची तुकडी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना उपाशी, थकलेली, तरी या पानांचे ठसे असलेले दगड मिळून १६ किलो स्लेजवरून ओढत होती, टाकले नाहीत. शेवटच्या तंबूपाशी मृतदेहांसोबत ते दगड सापडले. तेच पान आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांतही सापडतं, कारण तेव्हा दोन्ही जमिनी एकाच मोठ्या खंडात होत्या, त्याचं नाव गोंडवन. आपल्याकडचा बहुतेक दगडी कोळसा त्याच जंगलांचा. सिन्नरहून नाशिकरोडला येताना एकलहऱ्याची धुराडी दिसली की तिथं काय जळत असतं ते आता तुला माहितीये.