वाचक विचारतात: जुन्या गोव्याला गाइड घ्यावा का?

प्रश्न : सासूबाईंना बॉम जेझस चर्च बघायचंय. गाइड घ्यावा का? चपला बाहेर काढायच्या का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घ्या की! नाहीतर माणसं चांदीची पेटी बघून मागं फिरतात. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले, त्यांचे अवशेष त्यात आहेत. पेटी गोव्याच्या कारागिरांची, खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोगिनी या शिल्पकाराचा. हे कुणीतरी दाखवावं लागतं. पेटी बरीच उंचावर आहे; अंबाबाईसारखं जवळून दर्शन होणार नाही, हे सासूबाईंना आधीच सांगा. चपला घालूनच आत जातात. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. नऊवारीला कोण काय म्हणतंय! रविवारची सकाळ प्रार्थनेची, टाळा. ३ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे संतांच्या सणाला, गाइडचं काही ऐकू यायचं नाही.