काटा खरा, कट्टी वेगळी

धुळ्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली काही वर्षे एकच चिंता निरनिराळ्या तोंडून माझ्यापुढे येत आहे. कधी ती चर्चच्या मंडळीतील एखाद्या वडीलजनाच्या तोंडून येते, कधी शब्बाथ शाळेत मुलांना गोष्टी सांगणाऱ्या शिक्षिकेच्या, कधी नंदुरबारकडच्या पाड्यांवर प्रार्थनासभा घेणाऱ्या तरुणाच्या. शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न तोच असतो. "मी लोकांना जे सांगतो ते मी स्वतः जगत नाही. मग मी बोलणं बंद करावं का?" मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढले आहे आणि उपदेश करणाऱ्यांच्या घरांतले बंद दरवाजे मी लहानपणापासून पाहिले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला कधीच परका वाटला नाही.

खानदेशात तो अधिक तीव्र का होतो, हेही सांगायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॅन्डिनेव्हियन देशांतून आलेल्या मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात काम केले आणि त्यातून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या आजही लहान आहेत, गावोगाव विखुरलेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी पगारी पाळक असणे शक्यच नसते. रविवारी उपदेश करणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवतो, दुकान चालवतो किंवा शेतात असतो, आणि त्याचे ऐकणारे लोकच त्याचे गिऱ्हाईक, शेजारी आणि सोयरे असतात. त्याला लपायला जागा नसते. त्यातच गावातील इतर धर्मांचे लोक "हा येशूवाला कसा वागतो" हे पाहत असतात, याची जाणीव त्याच्या मानेवर सतत बसलेली असते.

अशाच एका गृहस्थांची हकीकत मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी त्यांना भाऊ म्हणत असे, येथेही तसेच म्हणते. वय सत्तेचाळीस, गाव शिंदखेड्याकडचे, व्यवसाय कापसाच्या खेडा खरेदीचा. शेतकऱ्याच्या दारात जाऊन कापूस मोजून घ्यायचा, गाडी भरायची आणि जिनिंगला घालायची. मंडळीत ते वीस वर्षे बिनपगारी उपदेश करत होते आणि त्यांचे बोलणे ऐकायला शेजारच्या गावांतून माणसे येत.

ते माझ्याकडे आले ते घशाची तक्रार घेऊन. उपदेश करायला उभे राहिले की आवाज बसत असे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही असे सांगितले होते व माझ्याकडे जाण्याचा सल्ला दिला होता.

"घसा कधी बसतो, भाऊ?"

"रविवारीच."

"आणि खरेदीच्या दिवसांत?"

"तेव्हा तर सकाळपासून ओरडत असतो, ताई. तेव्हा काही होत नाही."

हे उत्तर त्यांनीच दिले, पण ते त्यांच्या कानांपर्यंत पोहोचले नव्हते. मीही घाई केली नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेने चालणारी समुपदेशक आहे. मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी रॉजर्स न्यूयॉर्कच्या एका धर्मशास्त्र विद्यालयात शिकत होते, ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. माणूस आतून आणि बाहेरून एक असणे याला त्यांनी आपल्या कामात जे स्थान दिले, त्याचे एक मूळ मला तरी तिथे दिसते. ही एकता बाहेरून कोणी लादू शकत नाही. माणसाला पुरेशी सुरक्षित जागा मिळाली तर तो स्वतःच तिच्याकडे चालू लागतो, यावर माझा विश्वास आहे, आणि भाऊंच्या बाबतीत तो विश्वास मी सोडला नाही याचे मला आजही समाधान वाटते.

दुसऱ्या भेटीत ते एक निर्णय घेऊनच आले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, हे त्यांना पाठ होते. आपणही धंदा सोडून द्यावा आणि पूर्णवेळ प्रभूचे काम करावे, म्हणजे मन हलके होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना एवढेच विचारले की टिळक जे सोडून निघाले त्यात त्यांच्याकडे कोणाचे काही अडकून राहिले होते का. भाऊ बराच वेळ गप्प राहिले आणि मग पावसाच्या गोष्टी बोलू लागले. मोठा त्याग करण्याची ओढ अनेकदा एखाद्या लहान, अवघड कामापासून पळण्याची वाट असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. टिळकांचा त्याग खराच होता. पण दुसऱ्याचा त्याग उसना घेऊन आपला हिशेब मिटत नाही.

तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी बरोबर आल्या. त्या अहिराणीत थोडक्यात म्हणाल्या, "चर्चमा देवमाणूस शेतस, घरमा मुका." घरी ते कोणावर ओरडत नव्हते, हात उगारत नव्हते, फक्त बोलत नव्हते. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच मला पुढे उपयोगी पडली. पूर्वी बायबलमधील जक्कयाची गोष्ट भाऊंची सर्वांत आवडती होती. मुलांना ती सांगताना ते खुर्चीवर चढून उंबराच्या झाडावर बसलेला जक्कय करून दाखवत. गेल्या दोन वर्षांत त्यांनी ती एकदाही सांगितली नव्हती.

चौथ्या भेटीत मी त्यांना विचारले, "भाऊ, आज मला जक्कयाची गोष्ट वाचून दाखवाल?"

त्यांनी पिशवी उघडली. तिच्यात पवित्र शास्त्र होते आणि त्याला चिकटूनच कापूस खरेदीचे पावती पुस्तक होते, निळ्या पुठ्ठ्याचे, कोपरे झिजलेले. शास्त्र काढताना पावती पुस्तकही बरोबर बाहेर आले, ते त्यांनी पटकन आत ढकलले. मग लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढून ते वाचू लागले. जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, ठेंगणा, गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला इथवर आवाज चांगला होता. पुढे जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे बोलतो आणि अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर चौपट परत करीन असे म्हणतो, त्या वचनातील 'कोणाचे' या शब्दावर भाऊंचा घसा बसला.

मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता आणि ते त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते.

"काटा खरा आहे, ताई," ते अखेर म्हणाले. मी काट्याविषयी एक अक्षरही विचारले नव्हते. "काट्यात एका ग्रॅमची खोट नाही. दरवर्षी तपासून शिक्का मारून घेतो. काटा खरा. कट्टी वेगळी."

ज्यांना कापसाचा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेचणीच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आसपास, कापसात ओलावा असतो, थोडा काडीकचरा असतो, म्हणून खरेदीदार क्विंटलमागे काही वजन कापून घेतो, त्याला कट्टी म्हणतात. ओल्या मालावर थोडी कट्टी समजण्यासारखी आहे. पण पौष-माघातला कापूस, नंतरचे फरदड, म्हणजे मुख्य वेचण्या संपल्यावरही पीक राखून घेतलेला कापूस, हे वाळून खडखडीत झालेले असते, आणि भाऊ त्यावरही सरसकट दोन किलो कापत होते, कारण सगळेच कापतात. सात हजारांचा भाव धरला तर दोन किलोचे एकशेचाळीस रुपये होतात. पंधरा क्विंटल घालणाऱ्या शेतकऱ्याचे एकवीसशे रुपये गेले, आणि त्याच्या पावतीवर त्याची कुठे नोंदही नाही.

मी त्यांच्या बोटाखालचा शब्द फक्त परत उच्चारला. "कोणाचे?"

आणि भाऊ नावे घेऊ लागले. एकामागून एक अकरा नावे त्यांनी घेतली, प्रत्येकाच्या मागे गल्ली, अंदाजे किती क्विंटल, कोणत्या साली. त्यांतील तीन माणसे त्यांच्या मंडळीतली होती आणि रविवारी पुढच्या सतरंजीवर बसत. एक विधवा मावशी होत्या. नावे घेत असताना त्यांचा आवाज ठणठणीत होता, बाजारात असतो तसा. अकराव्या नावानंतर ते थांबले, आपल्या गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांनाही एकाच क्षणी कळले.

त्या क्षणाविषयी मी नंतर खूप विचार केला. भाऊ इतकी वर्षे स्वतःला 'मी ढोंगी आहे' असे म्हणत होते. हा आरोप ऐकायला फार कठोर वाटतो, पण त्यात एक सोय असते. तो आरोप कोणाच्याच दारात नेता येत नाही. 'मी वाईट आहे' असे म्हणणारा माणूस वर्षानुवर्षे तसाच बसून राहू शकतो, रडू शकतो, उपासही करू शकतो. 'मी अमक्याचे एकवीसशे रुपये देणे लागतो' असे म्हणणाऱ्याला उठावे लागते. लाज माणसाला आत ओढते आणि विचारते की लोक काय म्हणतील. देण्याची जाणीव त्याला घराबाहेर काढते आणि एका ठरावीक दारात नेऊन उभे करते. उपदेश आणि आचरण यांतील अंतर मोजत बसलेल्या माणसाला मी आता पहिल्याच भेटीत मनात हाच प्रश्न ठेवून ऐकते, की याच्या दुःखाला कोणाचे नाव आहे.

येशूने जक्कयाला परतफेडीविषयी काही सांगितल्याचे लूकने लिहिलेले नाही. तो फक्त त्याच्या घरी गेला. चौपटीचा शब्द जक्कयाने स्वतःच्या तोंडाने काढला. समुपदेशक म्हणून माझ्या साऱ्या शिक्षणाचे सार मला त्या दहा वचनांत सापडते, आणि ते मला एका कापसाच्या व्यापाऱ्याने वाचून दाखवले.

पुढचे काम भाऊंनी आणि त्यांच्या पत्नीने मिळून केले. तीन हंगामांची पावती पुस्तके काढली, ओल्या मालाची कट्टी वेगळी केली, कोरड्या मालाची वेगळी. "चौपट द्यायची ऐपत नाही, ताई," ते म्हणाले, आणि त्यांनीच लेवीय पुस्तकातील नियम शोधून काढला, की अन्यायाने घेतलेले पूर्ण परत करावे आणि त्यात पाचवा हिस्सा घालावा. रक्कम त्यांनी लिफाफ्यांत घातली आणि एकेका दारी गेले. सगळीकडे गोड झाले नाही. एकाने पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळ्यांना सांगितले. मंडळीतला एक जण पुढे दोन रविवार आला नाही. इतर खरेदीदारांनी "आम्हाला चोर ठरवतो का" म्हणून भांडण काढले. मावशींनी नोटा मोजल्या आणि विचारले, "हे वरचं कसलं?" भाऊंना त्याचे उत्तर लगेच देता आले नाही.

असाच प्रश्न मनात बाळगणाऱ्यांना मी काय सांगते, ते येथे लिहिते. उपदेश सोडून देण्याची घाई करू नये, आणि मंडळीपुढे उभे राहून सर्व कबूल करण्याची तर मुळीच करू नये. जाहीर कबुलीनंतर लोक रडतात, पाठीवर हात ठेवतात, आणि ज्याचे नुकसान झाले तो मागच्या रांगेत तसाच बसून राहतो. आधी त्याच्याकडे जावे. वेदीपाशी अर्पण ठेवून प्रथम भावाशी समेट कर असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे, तो क्रम मानसशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. त्याहीआधी घरातल्या माणसाला सांगावे, कारण त्याला बहुधा ते ठाऊकच असते आणि त्याचे मौन तुमच्या मौनाला लागून वाढलेले असते.

आणखी एक गोष्ट. अंतर असणे हे अपात्रतेचे लक्षण नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि यहुदी रीत काटेकोर पाळणारी याकोबाकडची माणसे आल्यावर भीतीने दूर झाला. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले, हे गलतीकरांच्या पत्रात आहे. पेत्राचे प्रेषितपद त्यामुळे गेले नाही, पण सुनावणारा पौल त्याच्याजवळ होता. आपल्या मंडळ्यांत उपदेशकाला सुनावणारा किंवा त्याचे ऐकून घेणारा एकही माणूस नसतो, हे मला सर्वांत मोठे संकट वाटते. तुमच्याजवळ तसा कोणी नसेल तर तो शोधा, शक्यतो दुसऱ्या गावचा, दुसऱ्या मंडळीचा.

काही जणांची स्थिती मात्र वेगळी असते, आणि ती ओळखणे हे माझे कर्तव्य आहे. त्यांना कितीही विचारले तरी देण्याचे एकही नाव सापडत नाही, सापडलेले फेडून झाले तरी दोषाची भावना तसूभर कमी होत नाही, तीच प्रार्थना पुन्हापुन्हा म्हणावी लागते, झोप जाते, कधी जगणेच नको वाटते. हा विश्वासातील उणेपणा नसतो, हा आजार असतो, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांचे औषध लागते. अशा माणसाला अधिक पश्चात्ताप करायला सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाला चालायला सांगणे आहे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर सरकारची मोफत मदत मराठीतूनही मिळते.

भाऊ आता ओलावा मोजण्याचे यंत्र बरोबर ठेवतात, शेतकऱ्याला आकडा दाखवतात आणि कट्टी पावतीवर लिहितात. कमाई कमी झाली आहे, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. घसा अजूनही एखाद्या रविवारी बसतो. तेव्हा ते थांबतात, पाणी पितात आणि "या वचनापाशी मी अजून पोहोचलो नाही, पण रस्ता हाच आहे" असे म्हणून पुढे वाचतात.

मागच्या महिन्यात ते सहज भेटायला आले होते. पिशवीत शास्त्र होते, निळे पावती पुस्तक होते आणि त्या दोहोंच्या मध्ये एक बंद लिफाफा. अकरा नावांपैकी एक कुटुंब कामासाठी सुरतेला गेले आहे, पत्ता कोणाकडे नाही. ते लोक दिवाळीला गावी येतात, असे शेजाऱ्यांनी सांगितले आहे.