वाचकांचे प्रश्न : निवाडा सापडला, पण तो अजून उभा आहे का?

प्रश्न : न वटलेला चेक नागपूरच्या बँकेचा, तक्रार इंदूरच्या कोर्टात. समोरच्या वकिलांनी 'दशरथ रूपसिंह राठोड' (२०१४) हा निवाडा पुढे करून खटला इथे चालणारच नाही अशी हरकत घेतली आहे. 'इंडियन कानून' या निवाडे शोधण्याच्या साइटवर तो पूर्ण मिळतो, उद्धृत करणाऱ्यांची यादी लांबलचक आहे, तो रद्द झाल्याची खूण कुठेच नाही. काय करावे?
— एक नवे वकील, इंदूर

उत्तर : खूण नाही, कारण तो कुठल्या कोर्टाने उलटवलेलाच नाही. त्याचा पाया संसदेने काढून घेतला. चेक ज्या शाखेवर काढला तिथलेच कोर्ट, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०१४ रोजी ठरवले. पुढच्याच वर्षी परक्राम्य लेख कायद्यात (न वटलेल्या चेकचे खटले याच कायद्याखाली चालतात) कलम १४२(२) आले, १५ जून २०१५ पासून लागू : चेक खात्यात जमा केला असेल, तर घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत, तिथले कोर्ट. तुमच्या पक्षकाराचे खाते इंदूरच्या शाखेत असेल तर हरकत टिकत नाही. शिवाय 'ब्रिजस्टोन इंडिया' हा निवाडा, (२०१६) २ एससीसी ७५ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हे निवाडासंग्रह), जवळ ठेवा. तिथे चेक चंदिगडच्या बँकेचा होता आणि भरला होता इंदूरला. सर्वोच्च न्यायालयाने इंदूरचेच कोर्ट योग्य मानले. याहून घरची नजीर (आधार म्हणून दाखवायचा जुना निवाडा) कुठे मिळणार?

आता शोधण्याची रीत. निवाड्याआधी कलम वाचा. सरकारच्या 'इंडिया कोड'वर कायदे फुकट आहेत आणि कलमाखालच्या बारीक टिपेत ते कोणत्या दुरुस्तीने, कोणत्या तारखेपासून आले ते दिलेले असते. ही टीप वाचायचा कंटाळा महागात पडतो. त्या तारखेच्या आधीचा निवाडा असेल तर तिथेच थबका. मग उद्धृत करणाऱ्यांची यादी नव्यापासून जुन्याकडे लावा आणि वरचे आठ-दहा निवाडे उघडून तेवढाच परिच्छेद पाहा. ही यादी फक्त उल्लेख मोजते. कोर्टाने नजीर मानली, बाजूला ठेवली की नुसती वकिलाच्या युक्तिवादात नोंदली, हे ती सांगत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या एससीसी ऑनलाइन, मनुपात्र यांसारख्या सेवांत तशा खुणा असतात आणि त्या उपयोगी आहेत, पण खुणेवर विसंबून निवाडा न वाचता कोर्टात उभे राहू नये.

नावाने शोधताना पूर्ण नाव टाकू नका. इंग्रजीत राठोडचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होते, रूपसिंह कुठे जोडून तर कुठे तोडून लिहितात. एकच शब्द आणि वर्ष पुरे. दोन शब्द सक्तीने हवे असतील तर 'इंडियन कानून'वर मधला 'अँड' इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि शेवटचा 'डी' दोनदा लिहावा लागतो. साधा 'अँड' चालत नाही.

प्रश्न : निवाडे शोधताना कलम ४८२ टाकले की अटकपूर्व जामीन आणि एफआयआर रद्द करणे, दोन्हींचे निवाडे मिसळून येतात.
— विधी शाखेची विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

उत्तर : येणारच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार; एफआयआर रद्द करणे त्यांतच येते. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले. जुना अटकपूर्व जामीन ४३८ होता, आणि नव्यातला ४३८ पुनरीक्षणाचा! आकड्यासोबत कायद्याचे नाव अवतरणचिन्हांत द्या. नुसती तारखेची चाळणी लावू नका, कारण नव्या संहितेच्या कलम ५३१ मुळे १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्याच संहितेने चालतात; २०२५ च्या आदेशातही जुना ४८२ भेटेल. आणि अटकपूर्व जामिनाची जुनी तत्त्वे हवीत तर ४३८ शोधल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : वडिलांच्या दाव्याची पुढची पेशी घरबसल्या कळेल का?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : हो. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपमध्ये सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका, मध्ये रेघ किंवा जागा न सोडता. वकिलांकडून एकदा तो मागून घ्या. नसेल तर पक्षकाराचे नाव आणि दाव्याचे वर्ष लागते.

प्रश्न : एआयने मुद्द्याला चपखल सहा नजिरी दिल्या. अर्जात घालाव्यात का?
— एक वकील, इंदूर

उत्तर : प्रत्येक उघडून पाहिल्याशिवाय नाही. न्यूयॉर्कमध्ये 'माता विरुद्ध एव्हियान्का' प्रकरणात चॅटबॉटने रचलेले सहा निवाडे दाखल झाले आणि जून २०२३ मध्ये ५,००० डॉलरचा दंड बसला. वकिलाने खरेखोटेपणा त्या चॅटबॉटलाच विचारला होता. खरे आहेत, असे उत्तर आले. चोराला चौकीदार नेमण्याचा प्रकार.

सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा असेल तर तिथल्या ई-एससीआर या ऑनलाइन निवाडासंग्रहात पाहा. जानेवारी २०२३ पासून ते सर्वांना फुकट आहे. आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या अलीकडच्या आदेशांवर तटस्थ सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच दिलेला ओळख क्रमांक, असते : वर्ष, मग न्यायालयाच्या आद्याक्षरांपुढे इंदूर, ग्वाल्हेर की जबलपूर याची खूण, मग क्रमांक. तो न्यायालयाच्या साइटवर सापडला नाही तर नजीर गाळा. सापडला तरी काम उरतेच : नाव आणि क्रमांक खरे, पण आतला निष्कर्ष उलटा, हा प्रकार जास्त घातक, कारण वरवरच्या तपासणीत तो सुटतो. म्हणून एआयने सांगितलेले वाक्य निवाड्याच्या मूळ पीडीएफमध्ये शोधा आणि परिच्छेद क्रमांक अर्जात लिहा. क्रमांक लिहिता येत नसेल, तर ते वाक्य त्या निवाड्यात नाही.