मोठ्या आयटी कंपनीत मी गंजतोय का?

"एवढ्या मोठ्या कंपनीत आहेस, नशीब काढलंस, असं सगळे म्हणतात. पण मी आतून गंजतोय. सोडू का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा येतो की पहिलं वाक्य संपायच्या आत पुढचं ओळखता येतं. त्यातल्याच एकाची ही हकिकत, ओळख पुसून.

एकाच कंपनीत आठ वर्षं काढलेला हा मुलगा फायद्या-तोट्यांची वहीच घेऊन आला होता. फायदे: पगार तारखेला, प्रोजेक्ट संपला तरी बेंचवर (म्हणजे काम नसताना पगारावर) काही काळ निभाव, कोड रिव्ह्यूची शिस्त, रेझ्युमेवर वजनदार नाव. तोटे: साध्या सर्व्हरचा ॲक्सेस मिळायला आठवडा, रात्रीचा ऑन-कॉल (बिघाड झाला की उठायचं), दोन वर्षं नुसती तक्रारींची तिकिटं बंद करणं, अप्रेझलला मधलं रेटिंग. (अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यात पगार आणि झोप एकाच मापाने मोजतात.)

"यातलं कंपनीचं किती आणि तुमच्या प्रोजेक्टचं किती?"

त्याने खुणा केल्या. ॲक्सेसचा उशीर कंपनीचा. मंजुऱ्यांची साखळी सुरक्षा आणि ऑडिटसाठी असते, दुसऱ्या मोठ्या कंपनीतही ती भेटेलच. रेटिंगही बरंचसं कंपनीचं: जनरल इलेक्ट्रिकने रूढ केलेल्या 20-70-10 सारख्या वाटणीत (वरचे 20 टक्के, मधले 70, तळाचे 10) बहुतेकांना मध्येच बसावं लागतं. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली. ऑन-कॉल आणि तिकिटं मात्र प्रोजेक्टची. कंपनी हजारोंची असली तरी दिवस जातो तो आठ-दहा जणांच्या टीममध्ये.

"मग टीम बदलून मागितलीत?"

"मॅनेजर सोडणार नाही."

"तसं ते म्हणाले?"

तो बराच वेळ वहीच्या स्पायरलवर नख फिरवत राहिला. "मी विचारलंच नाही. नाही म्हणाले तर माझी किंमत कळेल ना."

गाठ इथे होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी, त्यामुळे प्रसंगापेक्षा त्यामागची समजूत आधी चाचपते. समजूत चुकीची आहे असं सांगून ती जात नाही, म्हणून इतकंच विचारलं, "नकार आला, तर उद्या सकाळी काय बदलेल?"

"काहीच नाही. आहे तेच." आणि तो हसला, चौथ्या बैठकीत पहिल्यांदा. असं हसू ओळखायला मला काही वर्षं लागली. त्यानंतर माणूस कामाला लागतो.

मग रेझ्युमे काढला. कंपनीबाहेर कुणाला ठाऊक नाहीत अशा अंतर्गत टूल्सची आणि फ्रेमवर्कची नावं पेन्सिलने खोडायला सांगितली. उरलं ते जावा, एसक्यूएल आणि एक ओळ. मोठ्या कंपनीतला खरा धोका हाच. कौशल्य वाढत असतं, पण ते दाराबाहेर चालत नाही, आणि पगारवाढ मिळत राहिल्याने ते लक्षात येत नाही.

बदली मागताना गाडी बहुधा रिलीजपाशी, म्हणजे जुन्या प्रोजेक्टमधून सुटण्यापाशी अडते. नवी टीम निवडते, जुनी सोडत नाही. म्हणून आधी अंतर्गत जागेसाठी किमान किती महिने प्रोजेक्टवर हवेत ते पाहा. आपल्या जागी कोण येईल त्याचं नाव आणि चारेक आठवड्यांच्या नॉलेज ट्रान्सफरचा (त्याला काम समजावून सोपवण्याचा) आराखडा घेऊनच मॅनेजरकडे जा, आणि ठरलेली तारीख ईमेलवर घ्या. रेटिंग ठरतं त्या बैठकीत तुम्ही नसता, तुमच्या वतीने मॅनेजर बोलतो. त्याला आकड्यांच्या पाच ओळी द्या. "प्रॉडक्शन सपोर्ट केला" यापेक्षा "रात्रीचा बॅच जॉब चार तासांवरून पन्नास मिनिटांवर आणला" हे त्याला तिथे मांडता येतं.

तरीही सोडायचंच असेल तर लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. बोनस कोणत्या तारखेला कामावर असलेल्यांना मिळतो आणि शेअर्स कधी हाती येतात, तेही आधी वाचा. शेअर्स अनेक ठिकाणी चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात.

मॅनेजर पहिल्यांदा नाहीच म्हणाला. दोन महिन्यांनी सोडलं. हा मुलगा अजून त्याच कंपनीत आहे, डेटा टीममध्ये. ॲक्सेसला अजून आठवडा लागतो. दर सहा महिन्यांनी तो रेझ्युमेवर पेन्सिल चालवतो. गेल्या खेपेला दोनच शब्द खोडावे लागले.