बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्याची सुरुवात कुठल्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) करायची, हे कशावर ठरवावं?

तुमचा प्रश्न असा की 2024 मध्ये जेमतेम 11 सामन्यांत पिचिंग केलेल्या पॉल स्कीन्सला नॅशनल लीगने (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी एक; ऑल-स्टारला दोन्हींचे निवडक खेळाडू एकमेकांशी भिडतात) सुरुवातीला आणलं, ते बरोबर होतं की तो मान ख्रिस सेलचा होता? सेलचा. तेव्हा तो 13-3 होता, म्हणजे 13 विजय, 3 पराभव, आणि वर्षअखेरीस लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिकही त्यालाच मिळालं. आता 2012 च्या सामन्याबद्दल बोलतो, कारण ते भांडण आमच्या घरात अजून मिटलेलं नाही.

त्या जुलैत न्यूयॉर्क मेट्सचा पिचर आर. ए. डिकी 12-1 होता, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन, कमी तितके चांगले) 2.40. जूनमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत त्याने समोरच्यांना फक्त एकेक हिट (चेंडू मारून बेस गाठणं) दिली. वय 37, कोपरातलं पिचरला सगळ्यात जास्त लागणारं लिगामेंट मुळात नाहीच, आणि हे सगळं नकलबॉलवर, म्हणजे जवळजवळ न फिरता डुलत जाणाऱ्या चेंडूवर! त्याच जानेवारीत तो किलिमांजारो चढून आला होता, तोही मुंबईत देहविक्रीच्या धंद्यात अडकलेल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे उभे करायला. मी गिरगावात वाढलो, ती वस्ती आमच्यापासून फार लांब नव्हती. तेव्हा मी डिकीचा माणूस का, हे वेगळं सांगायला नको.

आणि नॅशनल लीगचा मॅनेजर टोनी ला रुसाने सुरुवातीला आणला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा मॅट केन. 9-3, 2.62. कारण काय, तर कॅचर (बेसबॉलमधला कीपर) बस्टर पोझीला नकलबॉल पकडायची सवय नाही आणि केन त्याच्याच संघातला.

माझे साडू कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतात, कट्टर जायंट्सवाले. त्या आठवड्यात सगळे आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला उतरले होते. सामन्याच्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "अहो, कॅचरच्या हातात जो बसत नाही तो चेंडू काय कामाचा?" माझं डोकंच सटकलं. कॉलेजात मी लेगस्पिन टाकायचो. सेमीफायनलला माझी गुगली आमच्याच कीपरला कळेना, म्हणून फायनलला मी पाणी नेत होतो. कप्तान म्हणाला होता, "बाय फार जातात रे."

"चला मागे," म्हटलं साडूंना. मुलाचा ग्लव्ह त्यांना दिला. नकलबॉलला बोटांची नखं चामड्यात रोवावी लागतात आणि मी रविवारीच नखं कापलेली. पहिले दहा चेंडू गरगर फिरत लग्नातल्या लाडवासारखे अलगद गेले. साडू एका हाताने झेलतायत, दुसऱ्या हातात चहाचा कप. अकरावा मात्र हातातून न फिरता सुटला. लाल शिवण शेवटपर्यंत दिसत होती. चेंडू मध्येच डावीकडे डुलला, जरा थबकल्यासारखा झाला आणि खाली बसला तो थेट साडूंच्या अंगठ्यावर. कप गवतात.

खरं सांगतो, मला आनंद झाला. दोघी बहिणी धावत आल्या, गोठवलेल्या मटारची पिशवी आणली, मला जे ऐकायचं ते ऐकवलं. आणि साडू सोफ्यावर अंगठा पिशवीत खुपसून म्हणतात, "बघा! म्हणूनच!"

म्हणूनच काय? पोझीला लोकांनी मतं देऊन निवडलं, मान्य. मग त्याला तिसऱ्या इनिंगला आणा. जॉश थोल मेट्ससाठी मोठा ग्लव्ह घालून हाच चेंडू एरवी पकडतच होता की. एकाला जमत नाही म्हणून दुसऱ्याने बाकावर बसायचं, हा कुठला न्याय?

आता जे मान्य करायला हवं ते करतो. केनने जूनमध्ये परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही असा सामना) टाकला होता, तोही डिकीच्या पहिल्या एक-हिटवाल्या सामन्याच्याच रात्री. तो काही ऐरागैरा नव्हता. त्याने दोन इनिंग कोरड्या टाकल्या, तिकडे समोरच्या अमेरिकन लीगच्या व्हरलँडरला पहिल्याच इनिंगमध्ये पाच रन पडले, नॅशनल लीग 8-0 जिंकली. तेव्हा जिंकणाऱ्या लीगला वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांतली अंतिम मालिका) घरच्या मैदानाचा फायदा मिळायचा, त्यामुळे ला रुसाची काळजी अगदीच फुकाची नव्हती. तो फायदा मिळाला जायंट्सना आणि त्यांनी डेट्रॉइटला 4-0 धुतलं, हे साडू दर दिवाळीला सांगतात. डिकीला सहावी इनिंग मिळाली. रन शून्य.

तर तुम्ही अर्ध्या मोसमाचं काम बघा आणि बॅटरला विचारा कोणाची भीती वाटते. कॅचरला विचारू नका. (पिचर आदल्या रविवारीच खेळला असेल तर मंगळवारी त्याचा हात चालत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. आधीच सांगायला हवी होती.)

नोव्हेंबरात साय यंग डिकीला मिळालं, नकलबॉलवाल्या पिचरला पहिल्यांदाच. रात्री नऊच्या आत मी सनीव्हेलला फोन लावला. मेहुणीने उचलला. "ते झोपलेत," म्हणाली. तिकडे सहासुद्धा वाजले नव्हते.