नकाशा लागला की लगेच बघून या

घर, वावर, शहर : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणाऱ्या ताई नगररचना खात्यातून निवृत्त झाल्या असून धुळ्यात राहतात.)

प्रश्न : ताई, नगरपालिकेची हद्द वाढली आणि आमचं तीन एकर वावर शहरात गेलं. प्रारूप विकास आराखड्यात त्यातल्या एक एकरावर शाळा आणि मैदानाचं आरक्षण टाकलंय, बांधाच्या कडेने 18 मीटरचा रस्ता. मुलगा म्हणतो, आराखडा मंजूर व्हायच्या आत गुंठे पाडून विकून टाकू. आते काय करानं?
– शेतकरी वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी मुलाला थांबवा. असा गुंठा घेणाऱ्याच्या हातात कागद पडतो, पण बांधकाम परवानगी मिळत नाही, बँक कर्जाला उभं करत नाही, आणि नऊ फुटांच्या बोळात ना गटार होते ना पाण्याची लाइन येते. अशा वस्त्यांत टँकर आला की हंडे घेऊन पळणाऱ्या बाया मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत.

प्रारूप म्हणजे अजून कच्चं काम. 1966 च्या नगररचना कायद्याने तुम्हाला हरकत घेण्याचा हक्क दिलाय. जाहिरातीत छापलेल्या मुदतीत लेखी अर्ज द्या. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि आराखड्याच्या त्या भागाची प्रत जोडा, गट नंबर ठळक लिहा, आणि आवक क्रमांकाची पोच हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका. पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी लागते. तिला स्वतः जा.

‘गरीब शेतकरी आहे, आरक्षण उठवावे ही विनंती’ एवढंच लिहिलेले अर्ज मी गठ्ठ्यांनी वाचलेत. वाईट वाटायचं, पण समितीला त्यात धरायला काहीच नसायचं. एका सुनावणीला एक बाबा वहीचं पान घेऊन आले होते. त्यावर पेन्सिलीने विहीर, बांध, बाभळीची रांग, आणि पावसाचं पाणी कुठून शिरतं ते बाणांनी दाखवलेलं. मैदानाचं आरक्षण नेमकं पाणी तुंबणाऱ्या खोलगटात पडलं होतं, आणि गावठाणालगत उंचावर सरकारी जमीन मोकळी होती. समितीने जागा बदलण्याची शिफारस केली. अर्ज असा हवा.

मात्र जागा योग्य असेल, तर मैदानाशी भांडू नका असंच मी सांगेन. आराखडा वीस-वीस वर्षांचा विचार करून होतो. तेवढ्यात तुमच्या शिवारात घरं भरतील, आणि एकदा भरली की पोरांना खेळायला जागा कुठून काढणार? मोबदला मात्र पुरेपूर घ्या. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे पैसे, किंवा टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क. टीडीआर घेण्याआधी त्याला गावात गिऱ्हाईक आहे का, हे दोन-तीन ठिकाणी विचारा. लहान गावात तो कागद कपाटातच राहतो. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकीच्या कागदांसह नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस द्या. तिथून 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. रस्त्याला आडवे जाऊ नका. उरलेल्या वावराला भाव त्याच्यामुळेच येईल.

प्रश्न : आमच्या कॉलनीमागचा नाला मुरूम टाकून बुजवला, आता तिथे प्लॉट पाडतायत. गेल्या पावसाळ्यात पाणी ओट्यापर्यंत आलं. विचारलं तर म्हणतात, तिथे नाला नव्हताच. कॉलनीच्या ओपन स्पेसवरही हॉल बांधायचं घाटतंय.
– गृहिणी, धुळे

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव तुटला. आपल्या खान्देशात पाऊस थोडा. नाला वर्षातले बहुतेक महिने कोरडा पडलेला असतो, म्हणून बघणाऱ्याला तो रिकामा प्लॉट वाटतो. पण खालची काळी माती एकदा भिजली की पाणी जिरवत नाही, आणि एका रात्रीच्या पावसाला जुनी वाटच लागते. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं. तेव्हा आखलेल्या पेठेच्या सरळ गल्ल्या आपण आजही नंबराने ओळखतो. इतकी नीट वसवलेली वस्ती, तरी 1872 च्या पुरात घरादारांची मोठी नासधूस झाली. पूररेषा आखतात त्या यासाठीच. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या मोठ्या नदीच्याच असतात, कॉलनीमागच्या नाल्याला सहसा कोणी आखत नाही. म्हणून तो तुम्हालाच जपावा लागेल.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. नाला होता की नव्हता, ते त्यात दिसेल. सोबत मंजूर लेआउटची, म्हणजे कॉलनीचे प्लॉट आणि रस्ते दाखवणाऱ्या नकाशाची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. पहिल्या मोठ्या पावसात ओट्यावरच्या पाण्याचे तारखेसह फोटो घ्या. आयुक्तांच्या नावे एकच अर्ज, पण सह्या सगळ्या गल्लीच्या. आराखड्याच्या सुधारणेचं काम निघालं, तर नाल्याची खरी जागा त्यात दाखवावी अशी सूचना तेव्हा पुन्हा द्या.

ओपन स्पेस सगळ्या प्लॉटधारकांची. आजच्या नियमावलीत 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, आणि तिथे कुणाला मनाला येईल तसा हॉल उभारता येत नाही. पायाचा खड्डा पडायच्या आत अर्ज द्या. भिंत उभी राहिली की ती पाडायला कोणी पुढे येत नाही.

प्रश्न : मनमाड–इंदूर रेल्वे होणार म्हणून एजंट धुळ्याजवळ प्लॉट घ्या म्हणतोय. घेऊ का?
– नोकरदार वाचक, नंदुरबार

उत्तर : 309 किलोमीटरच्या या मार्गाला केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, हे खरं. पण रेल्वे आली म्हणून शेजारचं प्रत्येक वावर राहण्याचं होत नाही. ती जमीन आराखड्यात कोणत्या विभागात येते, हे सांगणारा त्या गटाचा झोन दाखला काढा. शेती विभाग निघाला तर एजंटाच्या रंगीत पत्रकावर जाऊ नका. रहिवासी विभाग निघाला तर मंजूर लेआउट, बिनशेतीचे कागद आणि पोहोच रस्ता बघा, आणि एकदा भर पावसात जागेवर जाऊन या. इसार त्यानंतरच.