मुलाला ल्युकेमिया आहे, मी शिक्षिका आहे. उपचारांसाठी नोकरी सोडावी का?

ताई, सोडू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, एएलएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघालाय, डॉक्टरांनी अडीच वर्षं सांगितलीत, मिस्टरांचं स्वतःचं दुकान आहे, आणि सासरचे म्हणतात आईनंच राहायला पाहिजे, नोकरी काय, परत मिळेल. जिल्हा परिषदेची नोकरी परत मिळते असं म्हणणारा माणूस मला एकदा बघायचाय.

मी बाप आहे. २०१७ च्या जूनमध्ये माझ्या चार वर्षांच्या मुलीला हेच निघालं. बायको जि. प. शाळेत, माझं लातूरला मोटार वाइंडिंगचं दुकान. मुंबईत पोरीजवळ मी राहिलो, आठ महिने. दवाखान्याच्या जिन्यात बसून दहा मिनिटांत आम्ही ते ठरवलं. तिचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, माझे पैसे शेतातल्या पंपाच्या मोटारी जळल्या तर येतात, आणि पाऊस लागला की मोटारी जळत नाहीत. शिवाय तिच्या नोकरीवर दवाखान्याची बिलं मंजूर होतात. फाइल टेबलाटेबलावर मुक्काम करते, त्रुटी निघतात, पण होतात. त्या दहा मिनिटांचा जाब मी अजून देतोय.

पहिला जाब वॉर्डानंच विचारला. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. रात्री पेशंटजवळ एकच माणूस, आणि तो शक्यतो बाई, असा तिथला दंडक. दोन रात्री मी बाहेर बाकड्यावर काढल्या, आत पोरगी रडतेय हे ऐकत. तिसऱ्या रात्री वॉर्डातल्या बायकांनीच सिस्टरला सांगितलं, राहू द्या त्यांना, आम्ही पडदा ओढून घेतो. नंतर त्यांनीच मला कडू गोळी केळ्यात कुस्करून द्यायला शिकवलं. स्टेरॉइडनं भूक खवळते, त्या पहिल्या महिन्यात पोरगी रात्री तीनला उठून वरणभात मागायची. भात गरम पाहिजे, तूप वरून पाहिजे, आणि दिला की म्हणायची, हा नको, आईच्या हातचा. मी नायगावातल्या भाड्याच्या खोलीत कुकर लावून शिट्टी शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर टॉवेल धरून उभा राहायचो. (शिट्टी तरीही ऐकू जाते. आणि असं करू नका, हात भाजतो.)

आता आक्काचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून मला तीच आठवली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राखीपौर्णिमेला मुंबईत आली ती महिनाभर राहायच्या तयारीनं. पिशवीत अंगारा, मेतकूट, दोन लुगडी. "लेकराजवळ बाईमाणूस पायजे. बाप्याला काय कळतंय? तू जा दुकानाकडं." बायकोबद्दल जे बोलली ते लिहीत नाही. मी म्हटलं, राहा, पण पाणी उकळलेलंच, फळ जाड सालीचं आणि आपण घरी सोललेलंच, बाहेरचं काहीच नाही. तिनं मान डोलावली.

चौथ्या दिवशी मी बँकेत गेलो. परत आलो तर पोरगी दारात बसून पेरूची फोड खात होती, मीठ-तिखट लावलेली, खालच्या गाड्यावरची. आक्का म्हणाली, "किती दिवसांनी लेकरू हसलं बघ." मी फोड हातातून काढून घेतली. पोरगी किंचाळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप १०१.

बाहेर धो धो पाऊस. टॅक्सी मिळेना. पोरीला रेनकोटात गुंडाळून हिंदमाताच्या पाण्यातून गुडघ्यापर्यंत चालत गेलो. इमर्जन्सीत रक्त घेतलं, रिपोर्ट यायच्या आधीच सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, निघाले १८०. पाचशेच्या खाली असताना ताप म्हणजे जिवाला धोका, हे तुम्हाला आतापर्यंत सांगितलंच असेल. आक्का मागून भिजत आली होती. सगळ्यांदेखत मी तिला म्हणालो, "तू मारलीस माझी पोर. निघ." ती सकाळी गेली. पिशवी खोलीतच राहिली.

पोरगी नऊ दिवस वॉर्डात होती. वाचली.

तेव्हापासून आमच्यात हे चालूच आहे. लग्नकार्यात गाठ पडली की आक्का म्हणणार, आई जवळ असती तर ही वेळच आली नसती. मी म्हणणार, पेरू तू दिलास. माझं म्हणणं अजूनही तेच आहे: लेकराजवळ तो माणूस पाहिजे जो थर्मामीटर वाचतो आणि नाही म्हणू शकतो. तो लुगड्यात आहे की पँटीत याला काही अर्थ नाही. 'आईनंच' म्हणणारे बहुतेक लोक वॉर्डात एक रात्र काढत नाहीत. आक्का निदान आली तरी होती.

पण बायकोला ते सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. शनिवारची सकाळची शाळा करून ती रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत बसायची, रविवारचा दिवस आमच्यात, रविवारी रात्री परत, सोमवारी पुन्हा वर्गावर. पंधरा दिवसांनी एकदा. रेल्वेची कॅन्सरची सवलत पेशंट आणि त्याच्या सोबतच्याला असते, एकट्या आईला नाही, त्यामुळे तिकीट पूर्ण. ऑक्टोबरात ती आली त्या दिवशी पाठीतल्या इंजेक्शनमुळे पोरगी आडवी होती. आईनं हात पुढे केला तर पोरगी माझ्याकडे वळली, "पप्पा घेऊ दे." बायको भांडी घासायला मोरीत गेली. भांडी दोन होती. नळ अर्धा तास चालू होता. हे मी आक्काला कधी सांगितलेलं नाही, तिच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या.

तुमच्या कामाचं तेवढं सांगतो. आमच्या त्या आठ महिन्यांत नव्हती, पण २०१८ पासून राज्यात महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा आहे, जि. प. शिक्षिकांनाही. ती एकदम उडवू नका. पहिला महिना आणि पुढे जिथे स्टेरॉइड परत सुरू होतं तो टप्पा, तिथे लावा. मेंटेनन्सला, म्हणजे शेवटच्या लांबच्या टप्प्यात, बहुतेक औषधं घरीच तोंडानं असतात, तेव्हा तुम्ही शाळेत गेलात तरी चालतं. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि सेंट ज्यूडची केंद्रं, दोन्हीकडे चौकशी करा, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला पहिल्याच आठवड्यात गाठा. ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, थेट निघायचं. वर्गात कुणाला कांजिण्या असतील आणि तुम्हाला स्वतःला त्या कधी झाल्या नसतील, तर घरी जायच्या आधी डॉक्टरांना फोन. शिक्षिकेच्या बाबतीत हे कुणी सांगत नाही.

तुमच्या मिस्टरांना जमेल का, हे मला इथून कळणार नाही. काही पुरुषांना सुई बघूनच चक्कर येते, त्यात लाज नाही. दुकानावर कर्ज असेल तर हिशोब उलटाही निघेल. माझं २०१८ चं सीझन गेलं, ते फेडायला मला तीन वर्षं लागली.

पोरीची औषधं २०१९ च्या डिसेंबरात थांबली. आता सातवीत आहे, पेरू खाते.

एक राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना पेरूचं सांगितलं होतं. ते म्हणाले, बाहेरचं कापलेलं फळ नकोच, ते बरोबर आहे. पण रक्ताच्या तपासणीत जो जंतू निघालाय तो एरवी आपल्याच आतड्यात नांदतो, पेशी एवढ्या खाली गेल्या की तिथूनच रक्तात शिरतो. पेरू खाल्ला नसता तरी बहुतेक ताप आलाच असता. मी मान डोलावली, फाइल घेतली आणि खाली आलो. आक्काला फोन लावायला खिशातून मोबाइल काढला होता, परत ठेवला. तिची ती पिशवी अजून आमच्या माळ्यावर आहे.